ही नळी आज लागणार आहे का?

“पाय मोडला म्हणून आणला होता हो सिस्टर, आणि गेला न्यूमोनियाने.” नोकरीच्या काळात हे वाक्य मी कितीतरी तोंडांतून ऐकले. मोडलेल्या पायाच्या जागी कधी पित्ताशयातले खडे असायचे, कधी सिझेरियन. न्यूमोनियाच्या जागी कधी ‘रक्तात इन्फेक्शन गेलं’ असायचे. बोलणाऱ्याच्या मनात संशय, की यांनी आपल्यापासून काहीतरी लपवले. ऐकणारा डॉक्टर केसपेपरात डोके घालून उभा. मी मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात आधी आयसीयूत स्टाफ नर्स होते आणि नंतर निवृत्त होईपर्यंत संसर्ग नियंत्रणाची सिस्टर. त्या वाक्यामागे नेमके काय घडले हे शोधायचे आणि पुढच्या पेशंटच्या बाबतीत ते घडू द्यायचे नाही, हे माझे काम होते. त्या अनुभवावर सांगते, यात नातेवाइकांना वाटते तेवढे कारस्थान नसते आणि हॉस्पिटलवाले म्हणतात तेवढे नशीबही नसते.

हॉस्पिटलमध्ये लागलेला संसर्ग ठरवायचा कसा, याचा हिशेब सरळ आहे. दाखल होताना जो नव्हता, अंगात मुरतही नव्हता आणि साधारण 48 तासांनंतर दिसू लागला, तो हॉस्पिटलचा. शस्त्रक्रियेच्या जखमेसाठी ही मुदत 30 दिवसांची धरतात. गुडघा बदलला, खुब्यात काही बसवले, तर 90 दिवसांपर्यंतही. म्हणजे डिस्चार्ज घेऊन घरी गेल्यावर टाके पिकले, तरी ते आमच्याच खात्यावर लिहायचे. हे लिहायला कोणालाच आवडत नाही, आणि पेशंट बहुतेक वेळा घराजवळच्या डॉक्टरकडे ड्रेसिंग करून घेतो, त्यामुळे कितीतरी पिकलेले टाके कोणाच्याच वहीत येत नाहीत.

हॉस्पिटलमध्ये लागणाऱ्या संसर्गांचे प्रमाण थोडेथोडके नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे श्रीमंत देशांत दाखल झालेल्या दर 100 पेशंटपैकी 7 जणांना उपचारांदरम्यान किमान एक नवा संसर्ग होतो. मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांत 15 जणांना. अशा संसर्ग झालेल्यांपैकी सरासरी दहातला एक दगावतो. त्याच अहवालात असेही म्हटले आहे, की हातांची स्वच्छता आणि इतर साधे उपाय नीट पाळले तर यातले 70 टक्के संसर्ग टळू शकतात. त्यासाठी कुठल्या नव्या औषधाची वाट बघत बसायला नको.

लोकांची समजूत अशी, की जंतू हॉस्पिटलच्या हवेत आणि वासात असतात. क्षयरोग, गोवर, कांजिण्या हवेतून पसरतात हे खरे. म्हणून खोकणाऱ्या पेशंटला जनरल वॉर्डच्या मधोमध झोपवू नये, त्याला वेगळे ठेवावे आणि मास्क द्यावा. पण आयसीयूत आणि सर्जिकल वॉर्डात माणसे ज्यांनी दगावतात ते जंतू बहुतेक करून दोन ठिकाणचे असतात. एक, पेशंटच्याच त्वचेवरचे आणि आतड्यातले. दोन, दुसऱ्या पेशंटकडून कोणाच्या तरी हातावर बसून आलेले. ॲसिनेटोबॅक्टर नावाचा एक जंतू आहे. पलंगाचा कठडा, मॉनिटरचे बटण, बीपीचा पट्टा अशा कोरड्या जागीही तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. सफाईचे मामा जमीन लख्ख पुसतात, पण जमिनीला कोण हात लावतो? कठड्याला मात्र सगळेच लावतात.

पूर्वी ऑपरेशन थिएटरला फॉर्मेलिनची धुरी द्यायचे. सोमवारी सकाळी दार उघडले की डोळे चुरचुरायचे, आणि आपण काहीतरी जबरदस्त केले असे सगळ्यांना वाटायचे. आता धुरीवर विसंबू नका, घासून-पुसून सफाई करा, असे सांगतात. धुरीने मनाचे समाधान व्हायचे. कठडा पुसण्यात तसा थाट नाही.

जंतू कठड्यापर्यंत, हातापर्यंत आला तरी आत जायला त्याला वाट लागते. धडधाकट माणसाची त्वचा, नाक, मूत्रमार्ग ही तटबंदी असते. उपचारांसाठी आपण त्या तटाला दिंड्या पाडतो आणि त्यांत नळ्या बसवतो. लघवीची नळी, मानेतून किंवा छातीतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाणारी सेंट्रल लाइन, व्हेंटिलेटरची घशातली नळी, आणि चौथी दिंडी म्हणजे शस्त्रक्रियेची जखम. हॉस्पिटलमधले गंभीर संसर्ग मुख्यतः या चार वाटांनी होतात. नळी जितके दिवस आत, तितका धोका जास्त. लघवीची नळी असलेल्या दर 100 जणांपैकी 3 ते 7 जणांच्या लघवीत रोज नव्याने जंतू दिसू लागतात. प्रत्येक वेळी त्याचा आजार होतो असे नाही, पण म्हाताऱ्या, मधुमेही, अशक्त पेशंटमध्ये व्हायला वेळ लागत नाही.

आणि नळी का राहते? अनेकदा नुसती विसरून. पेशंट आयसीयूतून वॉर्डात येतो, स्वतःहून संडासला जाऊ लागतो, आणि लघवीची पिशवी हातात धरून चालत असतो. राउंडला डॉक्टर छाती तपासतात, सोनोग्राफी बघतात, चादरीखाली कोणी बघत नाही. पेशंटला वाटते ठेवली आहे म्हणजे हवी असेल. नातेवाइकांना बरेच वाटते, रात्री उठवावे लागत नाही. वॉर्डात एक सिस्टर आणि पलंगांच्या मध्ये जमिनीवर गाद्या, तिलाही तेवढेच काम कमी. सगळ्यांच्या सोयीने नळी राहते, आणि चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप येतो. म्हणून माझ्या रोजच्या फेरीत मी प्रत्येक पलंगाशी एकच प्रश्न विचारायचे : ही नळी आज लागणार आहे का? ‘राहू दे’ हे उत्तर चालायचे नाही. हवी असेल तर का, ते लिहा. नको असेल तर आत्ता काढा.

आता हातांविषयी. ट्रेनिंगला मी एक प्रयोग करायचे. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणारी जेल मिळते. ती सगळ्यांच्या हाताला चोळायची, मग ‘नेहमी धुता तसे धुऊन या’ म्हणून बेसिनकडे पाठवायचे. परत आल्यावर आतून काळ्या केलेल्या खोक्यात, दिव्याखाली हात धरायचे. तळवे स्वच्छ. पण बोटांची टोके, नखांच्या कडा, बोटांमधल्या बेचक्या, अंगठ्याचे मूळ, सगळे निळे पेटलेले. आणि पेशंटला आपण तळव्याने थोडेच हात लावतो? नाडी बघायची ती बोटांच्या टोकांनी, सुई धरायची ती अंगठा आणि तर्जनीत. अंगठी काढायला लावली की तिच्याखाली चमकणारे एक पूर्ण वर्तुळ निघायचे.

एका नव्या सिस्टरचे नुकतेच लग्न झाले होते. हातभर हिरव्या बांगड्या. कोपराखाली हात मोकळे हवेत हा नियम मी सांगितला तर तिचे डोळे भरले. “काचेच्या आहेत मॅडम, रोज काढता-घालता येत नाहीत. वाढवल्या तर सासूबाई काय म्हणतील?” मी वाद घातला नाही. तिचा हात खोक्यात धरला. धुतलेल्या हातावर बांगड्यांच्या मधल्या मधल्या जागेत चमकणाऱ्या रेघा होत्या. ती बराच वेळ बघत राहिली. पुढच्या महिन्यात तिच्या हातात दोन सैल बिलवर होते. ड्युटीवर येताना ते पर्समध्ये जायचे. सासूबाईंना तिने काय सांगितले ते मी विचारले नाही. डॉक्टरमंडळींची घड्याळे काढायला मला याच्यापेक्षा जास्त त्रास झाला.

हात केव्हा स्वच्छ करायचे याचे पाच प्रसंग ठरलेले आहेत : पेशंटला हात लावण्याआधी, सुई-नळी-ड्रेसिंगसारखे निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवीशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या पलंगा-टेबलाला हात लागल्यावर. हात दिसायला मळलेले नसतील तर अल्कोहोलचा हँडरब 20 ते 30 सेकंद चोळला की पुरते. साबण-पाण्याने धुवायचे तर 40 ते 60 सेकंद लागतात. ग्लोव्ह घातले म्हणजे झाले, ही मोठी गैरसमजूत. ग्लोव्ह घालणाऱ्याचे रक्षण करतो. तेच ग्लोव्ह घालून तीन पलंग फिरले, तर तिन्ही पलंगांचे जंतू आपण वाटत सुटलो. आणि सिस्टरने प्रत्येक वेळी कोपऱ्यातल्या बेसिनपर्यंत जावे ही अपेक्षा फोल आहे. बाटली पलंगाच्या पायथ्याशीच टांगलेली हवी, आणि भरलेली हवी. सामानाच्या मागणीपत्रात, म्हणजे इंडेंटमध्ये, पहिली काट हँडरबवर पडते, हे मी अनेकदा पाहिले.

हात धुतल्याने जीव वाचतात हे 1847 पासून माहीत आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. 1846 मध्ये पहिल्या विभागात शंभरातल्या 11 हून जास्त बायका बाळंतज्वराने गेल्या, दुसऱ्यात तिघींहून कमी. पहिल्या विभागात नाव लागू नये म्हणून बायका रडून विनवण्या करत. तिथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याचे स्नेही प्रोफेसर कोलेट्श्का शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातली सुरी लागून आजारी पडले आणि गेले. त्यांच्या शवविच्छेदनाच्या अहवालात सेमेलवाइसला तेच दिसले जे बाळंतिणींच्या शवांत दिसायचे. डॉक्टर सकाळी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीला तपासायला येत. सुइणी शवविच्छेदन करत नव्हत्या. त्याने दारातच क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याचे भांडे ठेवले आणि हात धुतल्याशिवाय कोणाला आत सोडेना. 1848 मध्ये पहिल्या विभागातले मृत्यू शंभरात सव्वाएकावर आले.

एवढा पुरावा समोर असून वरिष्ठांना ते पटले नाही. जंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता, सेमेलवाइसने आपले म्हणणे नीट लिहून काढायला बरीच वर्षे लावली, स्वभावही तिखट होता, ही कारणे आहेतच. पण मला वॉर्डाच्या अनुभवावरून वेगळे दिसते. ‘तुमच्या हातांनी बाई मेली’ असे त्याचे म्हणणे होते. ते कोणत्या मोठ्या डॉक्टरला ऐकवेल? त्याची नोकरी गेली, आणि 1865 मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मेला.

आमच्याकडे एक नावाजलेले सर्जन होते. राउंडमध्ये त्यांनी एका पेशंटची पिकलेली जखम उघडून दाबून पाहिली आणि तसेच शेजारच्या पलंगाकडे वळले. मी मध्ये हँडरबची बाटली धरली. “सर, हात.” ते म्हणाले, “सिस्टर, तुम्ही फ्रॉकमध्ये होतात तेव्हापासून मी ड्रेसिंग करतोय.” सगळे रेसिडेंट जमिनीकडे बघू लागले. मी बाटली धरून तशीच उभी राहिले. त्यांनी हात चोळले, राउंड पुरा केला, आणि खाली जाऊन मेट्रनकडे माझी तक्रार केली. तो माणूस वाईट नव्हता, हात निष्णात होता. हात धुवायला हवेत हे त्यांना माझ्याइतकेच माहीत होते. ते सिस्टरने चारचौघांत सांगावे, हे त्यांना चालणार नव्हते. मेट्रनने मला बोलावून चहा दिला आणि म्हणाली, “बरोबर केलंस. पण पुन्हा एकटी करू नकोस.”

यावर अमेरिकेत मिशिगन राज्यात फार नामी तोड काढली गेली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंट्रल लाइन घालताना पाळायच्या पाच गोष्टींची यादी केली : हात धुवा, टोपी, मास्क, गाऊन, ग्लोव्ह घालून पेशंटला पूर्ण झाका, त्वचा क्लोरहेक्सिडिनने स्वच्छ करा, जमेल तिथे जांघेतली शीर टाळा, गरज संपली की लाइन काढा. यात कुठलीच गोष्ट नवी नव्हती. नवे होते ते हे, की नर्सने यादी घेऊन बाजूला उभे राहायचे आणि पायरी चुकली तर डॉक्टरला तिथेच थांबवायचे. तातडीची वेळ सोडली, तर हा अधिकार तिला वरून दिलेला. 2006 मध्ये 103 आयसीयूंचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी दर हजार लाइन-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन, म्हणजे एक लाइन-दिवस) रक्तातल्या संसर्गाचा मध्यक दर 2.7 होता; तीन महिन्यांत तो शून्यावर आला, आणि दीड वर्ष टिकला.

पुढे आमच्याही आयसीयूत नवे प्रमुख आले. त्यांनी एका कागदावर सही केली : सेंट्रल लाइन घालताना सिस्टरने थांबवले तर थांबायचे, वाद नंतर माझ्या केबिनमध्ये. त्या कागदाने जे केले ते माझ्या वर्षानुवर्षांच्या लेक्चरांनी केले नव्हते. थांबवणारी सिस्टर आता आगाऊ ठरत नव्हती, ती ड्युटी करत होती.

मग नातेवाइकांनी काय करायचे? आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणे हे कर्तव्य असते, आणि न गेल्यास वर्षभर ऐकून घ्यावे लागते. भेटीच्या वेळेत अख्खी चाळ येते, पलंगावर बसते, कडेवरचे मूल पेशंटच्या कुशीत देते, मग शेजारच्या पलंगावरच्या ओळखीच्याचीही विचारपूस करून येते. यातली माया मला कळते. पण सर्दी-ताप-जुलाब असलेल्याने यायचे नाही, पलंगावर बसायचे नाही, आत येताना आणि जाताना हात स्वच्छ करायचे, एवढे तरी घरातल्या एका जाणत्याने बजावून सांगावे. सलाइनच्या सुईभोवतीची पट्टी ओली झाली, जागा लाल झाली, दुखू लागली तर लगेच सिस्टरला सांगा. लघवीची पिशवी कमरेच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको; पेशंटला हलवताना ती पोटावर ठेवू नका, लघवी उलटी वाहते. व्हेंटिलेटरवर असलेल्याचे डोके 30 ते 45 अंशांत उंच हवे. तो सरळ आडवा दिसला तर विचारा, कारण काय. ऑक्सिजनच्या बाटलीत नळाचे पाणी कोणी भरत असेल तर टोका. ते निर्जंतुक पाणी लागते.

ठरवून शस्त्रक्रिया करायची असेल तर तयारी घरापासून सुरू होते. साखर आटोक्यात आणा. विडी-सिगारेट महिनाभर आधी बंद करा, जखम भरायला त्याचा मोठा फरक पडतो. आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढायची पद्धत अजून कित्येक ठिकाणी आहे. त्याने त्वचेवर बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना घर मिळते. केस काढायची गरजच नसेल तर राहू द्यावेत, असेल तर क्लिपरने कापावेत. जखम पिकू नये म्हणून द्यायचे अँटिबायोटिक चिरा देण्याच्या थोडे आधी रक्तात पोहोचलेले असायला हवे. स्वच्छ शस्त्रक्रियेनंतर ते आठवडाभर चालू ठेवल्याने जास्त संरक्षण मिळत नाही. डॉक्टरने कमी गोळ्या लिहिल्या म्हणून नाराज होऊ नका.

हे मुद्दाम सांगते, कारण आता हॉस्पिटलचा जंतू औषधाला दाद देईलच असे नाही. 2008 मध्ये स्वीडनमधल्या एका पेशंटच्या लघवीत असा जंतू सापडला, की कार्बापेनेमसारखी राखून ठेवलेली औषधेही त्याच्यापुढे निकामी. पेशंटवर आधी नवी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून त्या जंतूच्या करामती एन्झाइमच्या नावात नवी दिल्ली आली : एनडीएम-1. नावावरून आपल्याकडे बराच संताप झाला. मला नावाचे काही वाटले नाही. आमच्या आयसीयूतल्या कल्चर रिपोर्टवर औषधांसमोर एकाखाली एक ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, अशी अक्षरे उतरू लागली होती, त्याचे वाटत होते. शेवटी कोलिस्टिनसारखे मूत्रपिंडाला झेपणे कठीण असे जुने औषध उरते. तिथे पोहोचण्यापेक्षा 30 सेकंद हात चोळणे स्वस्त.

भारत सरकारने 2020 मध्ये संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, त्याआधी 2015 पासून सरकारी रुग्णालयांसाठी ‘कायाकल्प’ पुरस्कार आहेत. कागद चांगले आहेत. पण आपल्या माणसाला दाखल करताना तुम्ही खोलीत एसी आहे का हे विचारता, टीव्ही चालतो का हेही बघता. त्याच काउंटरवर आणखी एक विचारा : इथली संसर्ग नियंत्रणाची सिस्टर कोण? नाव चटकन सांगितले तर समजा, कोणीतरी कठडे आणि नळ्या मोजते आहे. ‘कोण?’ असे उलट तुम्हालाच विचारले, तर पुढचे सगळे दिवस तुम्हालाच डोळे उघडे ठेवायचे आहेत. आणि ती भेटली तर तिला एवढे विचारून घ्या, की सिस्टर, तुम्ही सर्जनला थांबवू शकता का?